गिअरबॉक्सखाली परत तेल, निघताना 'टक' आवाज: घरी सर्व्हिसिंग केल्यावर आवळण्यात काय चुकतं

घरी गिअर ऑइल बदललं किंवा ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबर बूट बदलला, आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार परत आली. हे मी गेल्या सहा-सात वर्षांत इतक्या गाड्यांवर बघितलंय की आता फोनवर पहिल्या दोन वाक्यांत अंदाज येतो. माझी स्वतःची हॅचबॅक, मोठ्या भावाची, सासऱ्यांची, आणि पुण्यात आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या कितीतरी. जवळपास प्रत्येक वेळी नवा घातलेला पार्ट चांगलाच निघाला, चुकलेलं होतं ते आवळणं. कुठे कमी आवळलेलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त वेळा गरजेपेक्षा जास्त आवळलेलं. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय, स्वस्तातल्या आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करून, म्हणजे कुणी उगाच ऑइल सील आणि बेअरिंगवर पैसे घालवणार नाही.

आधी लक्षणं बघा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या नटाकडे बोट दाखवतं.

सकाळी गाडी काढली की खाली इंजिनाच्या एका बाजूला रुपयाएवढा तेलकट डाग, पुसला तरी दोन दिवसांनी परत. हा बहुतेक वेळा ड्रेन प्लग (तेल काढायचा), फिलर प्लग (तेल भरायचा) किंवा ड्राइव्ह शाफ्ट जिथे गिअरबॉक्सात शिरतो तिथलं सील.

रिव्हर्सनंतर पहिला टाकून क्लच सोडला की एकच 'टक', मग सगळं शांत. हा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट) सैल असल्याचा किंवा इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगचा आवाज. पण स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना 'टक-टक-टक' असा सलग आवाज येत असेल तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टचा चाकाकडचा सांधा) झिजलाय, तो आवळून जाणार नाही, तिथे टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं याचा, विषयच संपला.

हायवेला अॅक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की बंद, तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारी 'घूंऽऽ' आणि वळणावर तिचा सूर बदलतो, तर चाकाचं बेअरिंग.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: चाक नुकतंच काढून बसवलंय आणि आता स्टिअरिंग हलतंय किंवा एका चाकातून खडखड येतेय, तर पुढे वाचत बसू नका, गाडी बाजूला घ्या आणि आधी चाकाचे नट बघा. यात 'घरी जाऊन बघतो' नाही चालत.

सुरुवात पुठ्ठ्यापासून

फुकटातली तपासणी. किराणा दुकानातून मोठा खोका आणा, उघडून रात्रभर गाडीखाली पसरा, पुढच्या चाकांच्या जागा पेनाने खुणवून ठेवा. सकाळी डाग नक्की कुठे पडलाय ते कळतं, आणि तेल बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा कुबट वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळपट आणि वापरलेल्या तेलाच्या वासाचं. हिरवं-गुलाबी पातळ असेल तर कूलंट, आणि नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याचं टेन्शन नको. आमच्याच इमारतीत एकांनी गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग तीनदा आवळला आणि गळत होतं इंजिनाच्या ऑइल फिल्टरच्या कडेने, वारा लागून तेल मागे जायचं आणि गिअरबॉक्सवरून ठिपकायचं. म्हणून पुठ्ठ्याआधी खालचा भाग डिग्रीझरने किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा करा (इंजिन थंड असताना), नाहीतर जुनं तेलच नवीन गळती वाटतं.

मग आकडा शोधा, आणि त्याचं एकक बघा

यालाही पैसे लागत नाहीत आणि निम्म्या चुका इथेच होतात. चाकाच्या नटाचा आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात बऱ्याचदा असतो. ड्रेन प्लग, हब नट, माउंटिंग वगैरेचे आकडे मात्र सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, आपल्या मॉडेलचं, आपल्या इंजिनचं, आपल्या वर्षाचं. 'माझ्या मित्राची पण हीच गाडी आहे' हे पुरत नाही, कारण पेट्रोल आणि डिझेलला गिअरबॉक्सच वेगळा असू शकतो.

आता एकक. आपल्याकडे तीन चालतात. न्यूटन मीटर म्हणजे एनएम, किलोग्रॅम मीटर, आणि फूट पाउंड. १ किलोग्रॅम मीटर म्हणजे ९.८ एनएम, १ फूट पाउंड म्हणजे १.३६ एनएम. टॉर्क पान्याच्या (लावलेल्या आकड्याला 'कट' वाजणारा पाना) दांड्यावर बऱ्याचदा दोन पट्ट्या कोरलेल्या असतात, एका बाजूला एनएम आणि दुसऱ्या बाजूला फूट पाउंड. ४० एनएमचा ड्रेन प्लग चुकून फूट पाउंडच्या पट्टीवर ४० लावून आवळला तर तो ५४ एनएम झाला, आणि खाली गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा आहे. आटे एका वेळेत जात नाहीत, दर सर्व्हिसिंगला थोडे थोडे ओढले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी प्लगबरोबर चांदीसारखी तार बाहेर येते. ती तार म्हणजे गिअरबॉक्सचे आटे.

अंदाज यावा म्हणून सांगतो, पण लावायचा आकडा आपल्या मॅन्युअलचाच: छोट्या गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० एनएम, गिअरबॉक्सचे प्लग २० ते ४५ च्या आसपास, क्लच कव्हरचे बोल्ट १९ ते २५, आणि हब नट एकदम १७५ च्या पुढे, काहींमध्ये २०० च्याही वर. बघा केवढा फरक आहे, आणि आपण सगळीकडे एकाच मनगटाने आवळतो.

मॅन्युअलमध्ये एखादा साधा बोल्ट सापडलाच नाही तर डोक्यावरचा ग्रेड वाचा. ८.८ लिहिलेला ८ एमएमचा बोल्ट (१२ किंवा १३ चा पाना लागतो तो) साधारण २५ एनएमचा, १० एमएमचा ५० च्या आसपास, १२ एमएमचा ८५ च्या आसपास. पण हे स्टीलमध्ये स्टील असेल तेव्हा. अॅल्युमिनियममध्ये जात असेल तर हा आकडा वापरू नका, कंपनीने तिथे बऱ्याचदा कमी दिलेला असतो.

आवळणं म्हणजे नक्की काय

हे जरा सविस्तर सांगतो कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप पटतात. बोल्ट म्हणजे एक खूप कडक स्प्रिंग समजा. आपण आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि तो ताण दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो तो हा दाब. टॉर्क हा नुसता त्या दाबाचा अंदाज आहे, आणि तोही थेट नाही, कारण आपण लावलेल्या जोरातला जवळपास निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो.

म्हणजे घर्षण जरा जरी बदललं तरी दाब केवढा बदलेल बघा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं तर त्याच १०० एनएमला बोल्ट खूप जास्त ताणला जातो. उलट आटे गंजलेले, चिखल भरलेले असतील तर पाना 'कट' वाजतो, आपल्याला वाटतं झालं, आणि प्रत्यक्षात दाब आलेलाच नसतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे फार होतं. म्हणून तारेच्या ब्रशने आटे साफ, कोरडे, नट बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, आणि तेल किंवा लॉकटाइट (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) फक्त मॅन्युअलने सांगितलं असेल तिथेच. चाकाच्या नटाला ग्रीस लावायची सवय खूप जणांना आहे, 'पुढच्या वेळी सहज निघावा' म्हणून, ती कृपा करून सोडा.

चाकाचे नट

इथे फक्त टॉर्क पाना लागतो. चाक हवेत असताना हाताने आणि साध्या पान्याने बसवा, मग जमिनीवर टेकवून समोरासमोरचे नट घेत ताऱ्याच्या (स्टार) आकारात आवळा, आधी निम्म्या आकड्याला आणि मग पूर्ण. ओळीने आवळलं तर रिम एका बाजूला बसतं. रिम आणि हब जिथे टेकतात तिथला गंज घासून काढा, कारण तो गंज दोन दिवसांत चुरा होऊन खाली पडतो आणि तेवढी जागा मोकळी होते, नट सैल. म्हणूनच ५० ते १०० किलोमीटरने परत एकदा टॉर्क बघायचा असतो. पंक्चरवाल्याने हवेच्या बंदुकीने आवळले असतील तर घरी येऊन सगळे सैल करून परत नीट आवळा, नुसतं वरून टॉर्क पाना लावून 'कट' वाजला म्हणजे बरोबर असं नाही, आधीच दीडपट आवळलेला नट पण 'कट' वाजवतोच. असं जास्त आवळल्याने ब्रेक डिस्कही वाकडी फिरायला लागते आणि मग ब्रेक मारला की पाय थरथरतो.

ड्रेन आणि फिलर प्लग

डाग गिअर ऑइलचाच आहे हे ठरलं की इथे या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा किस्सा यासाठीच सांगतो. ते म्हणाले, "अरे, मी चांगला पाइप लावून आवळलाय, सुटायचा नाही तो आता." मी म्हटलं, "काका, म्हणूनच तर गळतंय." झालं होतं असं की जुनाच वायसर परत घातला होता. हा वायसर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो आणि एकदाच चेपला जाण्यासाठी बनवलेला असतो. चेपून झाला की त्याच्यात सील करायला मऊपणा उरत नाही, मग माणूस जोर वाढवतो, वायसर ऐकत नाही आणि आटे मात्र ऐकतात. नवा वायसर नाना पेठेत दोन चहाच्या पैशात मिळतो. बसणारी जागा फडक्याने पुसून, नवा वायसर घालून, मॅन्युअलच्या आकड्याला आवळला आणि काकांची गळती त्याच दिवशी थांबली.

काही गाड्यांचे प्लग निमुळत्या आट्यांचे असतात, त्यांना वायसर नसतो, सीलंट लागतं. तिथे जास्त आवळलं तर प्लग पाचरीसारखा शिरतो आणि कवचाला तडा जाऊ शकतो, त्यामुळे तिथला आकडा कमी असतो आणि तो पाळायचाच.

तेल काढण्याआधी नेहमी फिलर प्लग आधी सोडून बघा. तो निघत नसेल तर ड्रेनला हात लावू नका, नाहीतर सगळं तेल खाली आणि भरायला वाट नाही, गाडी तिथेच. भरताना गाडी सपाट जागेवर हवी, सोसायटीच्या रॅम्पवर नाही, कारण पातळी फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत मोजायची असते. उतारावर भरलं तर जास्त भरतं आणि ते जास्तीचं तेल सीलमधून वाट काढतं, मग आपण परत प्लग आवळतो. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजला द्या, ते जुनं तेल घेणाऱ्याला देतात, ड्रेनेजमध्ये अजिबात ओतू नका, ते शेवटी मुठेतच जातं.

ब्रीदर

याचा आवळण्याशी संबंध नाही पण याच्यामुळे चांगल्या आवळलेल्या गिअरबॉक्समधून तेल येतं, म्हणून इथेच सांगतो. गिअरबॉक्सच्या वर एक छोटी नळी किंवा टोपी असते, हवा आत-बाहेर जाण्यासाठी. ती चिखलाने बंद झाली की गरम झालेली हवा आत दाब करते आणि तेल सीलमधून ढकललं जातं. जोराच्या पावसात आपण गाडी पाण्यातून काढतो, तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो आणि आत हवा ओढतो, बरोबर पाणी पण. प्लग काढल्यावर तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलंय, सगळं तेल बदला. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात आणि नवीन सीलचे पैसे वाचतात.

आता पान्यावर संशय घ्या

इथपर्यंत सगळं नीट आणि तरी त्रास आहे, तर टॉर्क पाना बरोबर वाजतोय का बघा. चांगला क्लिकवाला पाना साधारण चार टक्क्यांच्या आत असायला हवा, पण त्याच्या रेंजच्या खालच्या पाचव्या भागात भरवसा ठेवू नका. ४० ते २१० चा पाना ४० वर लावून ड्रेन प्लग आवळणं म्हणजे अंदाजपंचेच. ड्रेन प्लग, क्लच कव्हर याला छोटा वेगळा पाना हवा. बोहरी आळीत दोन्ही मिळतात, फक्त घेताना रेंज बघून घ्या, नुसता लांब दांडा बघून नको.

घरी तपासायची रीत: पान्याचं चौकोनी टोक बाकाच्या शिकंज्यात धरा, दांडा आडवा, आणि टोकापासून बरोबर ५० सेंटीमीटरवर १० किलोचं वजन टांगा. १० किलो गुणिले ०.५ मीटर गुणिले ९.८१ म्हणजे ४९ एनएम. पान्याचं स्वतःचं वजन पण थोडं ओढतं, दोन-तीन एनएम धरा. म्हणजे ५२ च्या आसपास लावला की तो वाजायच्या सीमेवर असायला हवा. ४० ला वाजतोय आणि ६० ला पण वाजतोय तर तो पाना गेला. भोसरी एमआयडीसीच्या बाजूला कॅलिब्रेशन करून देणाऱ्या लॅब आहेत, तिथे पावतीसकट तपासून मिळतो.

वापरताना हात मुठीच्या मधोमधच हवा, दांड्याला पाइप जोडायचा नाही, झटका न देता सावकाश ओढायचा, 'कट' वाजला की थांबायचं. दुसऱ्यांदा 'खात्रीसाठी' वाजवू नका, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. सरळ एक्सटेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही, पण टोकाला पुढे आलेला अडॉप्टर लावला की लांबी बदलते आणि आकडा पण. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्याला सैल करून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहून कमजोर होते. आणि त्याने कधीही नट सोडवू नका, सोडवायला साधा पाना आहे.

हब नट, म्हणजेच एक्सल नट

तो एकच 'टक' आवाज बहुतेक इथे संपतो. हा नट नुसता शाफ्ट धरत नाही, बऱ्याच गाड्यांमध्ये तोच बेअरिंगच्या दोन आतल्या कड्या एकमेकांवर दाबून ठेवतो. तो कमी आवळला की कड्यांमध्ये केसाएवढी जागा राहते, शाफ्टच्या खाचा आत हलतात, पुढे-मागे होताना 'टक' करतात आणि काही महिन्यांत बेअरिंग घूं करायला लागतं. आपण म्हणतो बेअरिंग डुप्लिकेट निघालं. माझ्या भावाच्या गाडीत दोन बेअरिंग गेली तेव्हा मला हे कळलं, तिसऱ्या वेळी नट टॉर्कला लावला आणि अजून तेच बेअरिंग चालू आहे.

या नटाला बहुतेक घरगुती पाना पुरत नाही. २१० पर्यंतचा पाना आणि मॅन्युअल २३० म्हणत असेल तर 'जवळपास झालं' करू नका, मोठा पाना कुणाकडून आणा नाहीतर तेवढ्यापुरतं गॅरेजला जा. जॅकवर, नुसत्या स्टँडवर गाडी असताना एवढा जोर लावायचा नाही, गाडी स्टँडवरून सरकते. मी असं करतो: गाडी स्टँडवर, आतमध्ये बायको किंवा मुलगा ब्रेक दाबून, नट शंभरेक एनएमपर्यंत घट्ट करतो, मग चाक लावून खाली उतरवतो, चाकांना दोन्ही बाजूंनी विटा, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि मग मधल्या भोकातून पूर्ण टॉर्क. मधल्या वेळात गाडी एक इंचही ढकलायची नाही, सैल नटावर वजन पडून चाक फिरलं की बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पडतात.

काही हब नटांची कड ठोकून खाचेत बसवतात, तो नट एकदाच वापरायचा, परत घालायचा नाही. जुन्या पद्धतीच्या किल्ल्यासारख्या खाचांच्या नटात पिन असते, आकडा आला आणि भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत थोडं जास्त आवळायचं, कधीही मागे सैल करून जुळवायचं नाही. पिन नवी.

शाफ्ट, माउंटिंग आणि खालचा आर्म

बूट बदलताना शाफ्ट काढला असेल आणि सील नवं असूनही तेल येत असेल तर शाफ्ट आत पूर्ण बसला नसण्याची शक्यता मोठी आहे. टोकाला एक बारीक रिंग असते, ती आत 'खट' करून बसते. जॉइंटचं कवच धरून हलकं बाहेर ओढून बघा, निघायला नको. शाफ्टला धरून ओढलं तर आतला जॉइंटच सुटतो, म्हणून कवचच धरा. घालताना खाचा सीलच्या ओठाला घासल्या तर नवं सील पण पहिल्या दिवसापासून गळतं.

शाफ्ट काढायला खालच्या आर्मचा बोल्ट सोडला असेल तर त्याच्या रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. हवेत लोंबकळत असताना आवळला की रबर त्याच स्थितीत अडकतं, खाली उतरवली की पिळलं जातं आणि आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांत फाटतं. माउंटिंगचं पण तसंच, सगळे बोल्ट आधी हाताने लावा, इंजिन दोन-तीनदा हलवून आपल्या जागी बसू द्या, मग टॉर्क. इको किंवा बोलेरोवाल्यांनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडणीच्या चकतीवर) सोडवण्याआधी रंगाची खूण करावी आणि त्याच खुणेवर परत लावावा, नाहीतर टॉर्क बरोबर असूनही थरथर येईल.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटापासून शेजारच्या भागावर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा. महिन्याने टॉर्च लावून बघितलं की रेघ तुटली असेल तर नट हलला, पाना लावायची गरज नाही. हब नटाला तर परत पाना लावायचाच नाही, फक्त रेघ बघायची.

इथे थांबा

प्लगबरोबर चांदीची तार आली, किंवा प्लग आवळता आवळता अचानक मऊ फिरायला लागला, तर तिथेच हात काढा. अजून एक फेरा दिला तर दुरुस्तीला जागा उरत नाही. अशा आट्यांमध्ये नवीन स्प्रिंगसारखी कॉइल बसवतात, ते काम ज्याने आधी केलंय त्यालाच द्या. बोल्टचं डोकं तुटलं तरी तसंच, घरी ड्रिल लावू नका, ड्रिल अॅल्युमिनियममध्ये सरकतं.

मागच्या डिफरन्शियलच्या पुढच्या टोकाचा पिनियन नट तर सोडूच नका. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत एक चेपणारी नळी असते, तिच्यावर बेअरिंगचा ताण ठरलेला असतो, नट सोडून परत त्याच आकड्याला लावला तरी तो ताण परत येत नाही. तिथून तेल गळतंय तर थेट जाणकाराकडे. बेअरिंग दाबून बसवायला प्रेस लागतो, हातोड्याने ठोकलेलं बेअरिंग टिकत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवून क्लच बदलणं हे एकट्याने पार्किंगमध्ये करायचं काम नाही, वजन अंगावर येतं. आणि मॅन्युअलमध्ये आकड्यापुढे 'आणि मग इतके अंश' असं लिहिलं असेल तर तो बोल्ट मुद्दाम त्याच्या मर्यादेपर्यंत ताणलेला असतो, बहुतेक वेळा एकदाच वापरायचा, नवा मिळाला नाही तर काम सुरूच करू नका.

ड्रेन प्लगमधून धार लागलीये किंवा चाकातून खडखड आहे तर गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा. कात्रज घाटात बिनतेलाचा गिअरबॉक्स फार वेळ टिकणार नाही.

गॅरेजला देताना नुसतं 'नीट आवळा' सांगून उपयोग नाही, प्रत्येक जण आपल्या हाताने नीटच आवळतो. मी एका कागदावर चाकाचा नट, ड्रेन, फिलर, हब नट असे चार आकडे एनएममध्ये मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगवर चिकटवतो आणि मिस्त्रींना आधीच म्हणतो, "दादा, शेवटचं आवळताना टॉर्क पाना लावा आणि मला हाक मारा, मी थांबतोय इथेच." कुणी रागावत नाही, उलट काही जण तो कागद स्वतःकडे ठेवून घेतात. आणि नवा वायसर, नवा हब नट, नवी पिन हे आपल्या खिशात घेऊनच जा, तिथे शिल्लक नसलं की जुनंच परत लागतं.